खिडकीखालचे तुकडे

१

ग्रंथपाल मागच्या कोठीतून घडीच्या खुर्च्या घेऊन दालनात आले, समोर पाहिले आणि सगळ्या खुर्च्या त्यांच्या हातून एकदम खाली पडल्या. 'शांतता राखा' या पाटीखाली आजवर एवढा मोठा आवाज झाला नव्हता, आणि तो खुद्द त्यांच्याच हातून झाला होता.

दालनाच्या मधोमध चाकांच्या लांबलचक टेबलावर वस्तीचे मॉडेल मांडलेले होते. जुन्या बर्फाच्या कारखान्याच्या जागेवर होणारा बावीस मजली टॉवर, त्याच्या पायथ्याशी गल्लीतल्या पुढच्या ओळीची बैठी घरे, आणि मागच्या ओळीची घरे पाडून तिथल्या कुटुंबांसाठी बांधायची चार मजली नवी इमारत. गेले काही आठवडे गल्ली हे मॉडेल बघत होती आणि त्यावरून भांडत होती. आज दहा वाजता शेवटची जनसुनावणी होती.

टॉवर बुंध्यापासून मोडला होता. त्याच्या पायथ्याची घरे चेचली गेली होती. वर्तमानपत्रे उडू नयेत म्हणून वापरला जाणारा दगड नव्या इमारतीला टेकून पडला होता.

ग्रंथपालांच्या तोंडून शब्द फुटण्याआधीच दारातून बाई आल्या. भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, गुडघ्यांनी अधू, टॉवरला हरकत घेणाऱ्यांच्या म्होरक्या. पुढच्या ओळीतली चार माणसे त्या बरोबर घेऊन आल्या होत्या. टेबल बघून त्या जागीच थांबल्या. बरोबरच्या एकाने विचारले, "बाई, हे दाखवायला आणलंत होय आम्हाला?"

बाई काठी टेकत बुंध्यापर्यंत गेल्या.

पाठोपाठ बांधकाम कंपनीचा जनसंपर्क अधिकारी आला. त्याच्या शर्टाला कधी सुरकुती पडत नसे, म्हणून गल्लीने त्याचे नाव 'इस्त्री' ठेवले होते. त्याने टेबलाभोवती एक फेरी मारली, वाकून पाहिले आणि हसला. चेचलेल्या घरांच्या मधोमध एक घर जसेच्या तसे उभे होते.

"बाकीच्यांचा चुरा झाला," तो म्हणाला. "बाईंचं घर तेवढं शाबूत."

२

सुनावणी अधिकारी पूर्वी न्यायाधीश होत्या. गल्लीत त्यांच्यावर कोणाचेच प्रेम नव्हते. विरोधकांच्या मते त्या कंपनीने आणलेल्या होत्या, समर्थकांच्या मते बाईंना सामील होत्या. दोन्ही बाजू त्यांना 'फूटपट्टी' म्हणत. एक तर त्या प्रत्येकाला तीन मिनिटांवर बोलू देत नसत, आणि दुसरे म्हणजे नकाशे तपासायला त्यांच्या पिशवीत खरोखरच एक लाकडी फूटपट्टी असे.

पहिल्याच दिवशी त्यांनी दोन नियम वाचून दाखवले होते. मांडलेल्या वस्तूंना हात लावणाऱ्याला सुनावणीत बोलता येणार नाही. आणि जी बाजू सुनावणी उधळून लावील तिचे म्हणणे विचारात घेतले जाणार नाही. आता दुसरा नियम पुढच्या ओळीच्या मानेवर येऊन बसला होता. मोडतोड बाईंची ठरली, तर पुढच्या ओळीच्या सगळ्या हरकती रद्द होणार होत्या आणि टॉवरचा रस्ता आजच मोकळा होणार होता. इस्त्रीने तशी लेखी मागणीही करून टाकली.

"दहापर्यंत वेळ द्या," फूटपट्टी म्हणाल्या. "तोवर इथलं काही झाडायचं नाही, काही हलवायचं नाही."

मग त्या साडी सावरून जमिनीवर बसल्या. ग्रंथपालांना ते बरे वाटले नसावे. त्यांनी खुर्ची आणली. ती फूटपट्टींनी घेतली नाही.

ग्रंथपालांची तक्रार दोन्ही बाजूंबद्दल होती. हा वाचायचा हॉल, इथे लोक एकमेकांच्या आया-बहिणी काढतात, आणि मला शांतता राखा म्हणायचीही सोय नाही, असे त्यांनी सांगितले. मुद्द्याचे एवढेच निघाले, की त्यांनी सकाळी दालन उघडले, बाई वर्तमानपत्र वाचायला आल्या, आणि मग ते स्वतः कोठीत खुर्च्या पुसत बसले. कोठीचे दार जाड. त्यांना काही ऐकू आले नव्हते. बाहेरचे दार उघडेच होते. कोणीही येऊ शकले असते.

"बाई रोज सकाळी येतात?"

"छे. मॉडेल मांडलं त्या दिवशी संध्याकाळी आल्या, कंपनीच्या या साहेबांशी वाजलं, तेव्हापासून पुढच्या ओळीचा बहिष्कार. आज पहिल्यांदाच आल्या."

"आणि मागच्या ओळीचे?"

ते रोज सकाळी येत, असे ग्रंथपालांनी सांगितले. मागच्या ओळीची घरे ओलीची. त्यांच्या पाठीशी टेकडीचा कापलेला उंच कडा. त्यामुळे दुपारनंतर ऊन मिळायचे नाही, मिळेल ते सकाळचे. नव्या इमारतीला दोन्ही अंगांनी गॅलऱ्या होत्या आणि मॉडेलमधल्या त्या गॅलऱ्यांवर सकाळी या खिडक्यांतून असे झकास ऊन पडे, की बायका मुलांना उचलून दाखवत. तो कडा मात्र मॉडेलमध्ये नव्हता. मॉडेल नव्या इमारतीपाशीच संपत होते.

फूटपट्टींनी दालनाकडे पाहिले. खिडक्या सगळ्या पूर्वेला, दार पश्चिमेला. टेबलाचे एक टोक खिडकीकडे, दुसरे दाराकडे. नवी इमारत खिडकीच्या टोकाला, उन्हात. मोडलेल्या टॉवरचा बुंधा दाराच्या टोकाला.

त्या उठल्या आणि टेबलाभोवती सावकाश चालत गेल्या. दाराच्या टोकाला, बुंध्याखाली, फरशी स्वच्छ होती. टॉवरचे सगळे तुकडे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली पडले होते. त्यातले काही चाकाखाली भरडून फरशीवर त्यांची कमानीसारखी रेघ उमटली होती.

३

इस्त्रीने पहिल्यांदा खुलाशाऐवजी सहानुभूती देऊ केली. वय झाले की माणसाचा तोल जातो, कंपनी फिर्याद करणार नाही, फक्त हरकती रद्द व्हाव्यात. फूटपट्टींनी विचारले, टेबल असे कोणी लावले? आपणच, तो म्हणाला. दारातून येणाऱ्याला आधी टॉवर दिसावा म्हणून.

"आणि उन्हात नवी इमारत दिसावी म्हणून?"

"ऊन काय, मॅडम, ते येतं तिकडून येतं."

"याआधी कधी मॉडेल खराब झालं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

एक चिठ्ठी देऊन दुरुस्तीला परत नेले असते, असे त्याने सांगितले. वस्तू कंपनीची. मध्यंतरी मॉडेलमधले एक झाड पडले होते तेव्हा असेच नेले होते.

"पहिल्या दिवशी बाईंनी तक्रार केली होती. त्यांच्या घराचा बाहेरचा जिना तुम्ही मागच्या बाजूला दाखवलाय, तो खरा पुढे आहे. ती चूक सुधारलीत?"

इस्त्री हसला. बावीस मजल्यांचे काम चाललेय आणि कोणाच्या एका जिन्यासाठी कारागीर बोलवायचा? तो जिना अजून मागेच असणार, आणि ती तक्रार बाईंच्या हरकतींत पहिल्या नंबरावर असणार. जाता जाता त्याने एक टोमणा मारलाच. बाईंना गल्लीचा नकाशा पाठ, पण गल्लीला बाई पाठ आहेत.

त्यानंतर अध्यक्ष आले. मागच्या ओळीच्या पुनर्वसन समितीचे अध्यक्ष, पण राहायचे पुढच्या ओळीत. बाईंच्याच घरात, वरच्या मजल्यावर. ते बाईंचे धाकटे दीर. थोरले भाऊ होते तोवर वर जायची वाट बाईंच्या स्वयंपाकघरातून होती. भाऊ गेले, टॉवर आला, भांडण झाले, आणि अध्यक्षांनी घराला पुढून लोखंडी जिना लावून घेतला. तेव्हापासून खालचे वरच्याशी बोलत नव्हते. गल्ली मात्र त्या घराला अजून 'बाईंचं घर'च म्हणे.

अध्यक्षांची लेक मागच्या ओळीत दिलेली होती. तिच्या घराच्या भिंतींना वर्षभर ओल असे आणि तिच्या मुलीचा दमा हटत नव्हता. "प्रत्येक घराला सकाळचं ऊन" ही घोषणा अध्यक्षांनी त्या मुलीसाठी केली आणि मग सगळ्या मागच्या ओळीने उचलली. त्यांच्या शब्दावर तिथल्या प्रत्येक घराने संमती दिली होती.

ते बसले आणि पहिलीच विनंती केली, की पडदा ओढून घ्यावा, ऊन डोळ्यांवर येतेय. ग्रंथपाल उठू लागले. फूटपट्टींनी त्यांना हातानेच बसवले.

आज सकाळी आपण इकडे फिरकलोच नाही, असे अध्यक्षांनी सांगितले. घरी होतो, पेपर वाचत होतो. वहिनींशी बोलणे? वर्षभरात नाही. त्यांनी हे केले का, याबद्दल आपण काही बोलणार नाही. शेवटी थोरल्या भावाची बायको. पण हट्टी बाई, एवढे मात्र खरे.

"त्यांच्या घराला धक्का लागला नाही, हे पाहिलंत?"

"पाहिलं."

"ते तुमचंही घर आहे ना?"

"माझ्या भावानं बांधलंय ते. विटा त्यानं स्वतः वाहिल्यात," अध्यक्ष म्हणाले, आणि खिडकीकडे पाठ होईल अशा बेताने खुर्ची वळवून बसले.

४

बाईंनी बसायला नकार दिला. फळ्यासमोर उभे राहावे तशा त्या काठी टेकून उभ्या राहिल्या. आपण वर्तमानपत्र वाचायला आलो आणि गेलो. मॉडेल आपण मोडलेले नाही. याउपर काही सांगायचे नाही.

"माणसं कशाला घेऊन आलात?"

बाई खिडकीकडे बघू लागल्या.

"बाई, तुमच्या हरकतींवर चाळीस घरांच्या सह्या आहेत. तुम्ही गप्प राहिलात तर त्या सगळ्या केराच्या टोपलीत जातील. आणि हात लावला असं सांगितलंत तर फक्त तुमचं बोलणं जाईल. हिशोब तुम्हीच करा."

बाईंनी नकारार्थी मान हलवली. फूटपट्टींनी पिशवीतून नकाशा काढला आणि टेबलाच्या कडेवर पसरला. मग अगदी साध्या आवाजात विचारले, की मुलांना नकाशा वाचायला शिकवताना सगळ्यांत आधी काय करायला लावायचात?

तीस वर्षांची सवय. उत्तर आपोआप आले.

"आधी दिशा जुळवायच्या. नकाशा जमिनीवर ठेवायचा आणि खऱ्या दिशांना लागेपर्यंत फिरवायचा. त्याशिवाय वाचायचाच नाही." आणि मग स्वतःच्याच तोंडाकडे बघावे तसे त्या थांबल्या.

"तुम्ही टेबल फिरवलंत."

"फिरवलं," बाई म्हणाल्या. "चाकं आहेत, एका हातानं फिरतं. पहिल्या दिवशी आले तेव्हा संध्याकाळ होती, दिव्यात काही कळलं नाही. आज उन्हात बघितलं. सगळं उलटं. टॉवर पूर्वेला होणार आणि यांनी मांडलाय पश्चिमेला. मी सरळ लावलं, टॉवर खिडकीकडे. आणि त्याची सावली..."

"कोणावर पडली?"

"आमची घरं तर गेलीच. आमचं ऊन जाणार हे आम्ही ओरडून सांगतोच आहोत. पण पुढे जाऊन ती नव्या इमारतीवर पडली. तळापासून गच्चीपर्यंत. दुपारनंतर तिथं कडा ऊन अडवतो. म्हणजे त्या घरांना दिवसभर ऊन नाही. एक किरण नाही."

मग टेबल तसेच ठेवून त्या माणसे आणायला गेल्या. गुडघ्यांमुळे वेळ लागला. परत आल्या तर हे.

"आधी कोणाला सांगितलंत?"

"ते मी सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "मला त्याची खात्री नाही, आणि खात्री नसताना मी मुलांनासुद्धा कधी नापास केलं नाही."

त्या गेल्यावर फूटपट्टी मॉडेलपाशी आल्या. शाबूत राहिलेल्या घरावर वाकल्या. दोन्ही बाजूची घरे दगडाखाली सपाट झालेली. हे मधले त्यातून वाचणे शक्य नव्हते. त्यांनी ते हलकेच वर ओढले. ते खुंटीवर बसवलेले होते, सहज निघाले. घाव घालण्याआधी कोणीतरी ते काढून घेतले होते आणि नंतर जागेवर बसवले होते.

त्यांनी घर डोळ्यांसमोर धरले. कारागिराने मागे लावलेला तो चिमुकला जिना घराला तसाच चिकटलेला होता. पण बसवताना घर फिरवून बसवले होते. जिना आता गल्लीकडे, पुढच्या बाजूला होता.

खऱ्या घराला होता तसा.

गल्लीला तोंडपाठ असली तरी ही गोष्ट हाताला पाठ असणारी माणसे एकाच घरात राहत होती. आणि त्यातली एक आत्ताच समोर उभी राहून कबूल करून गेली होती, की टेबलाला हात आपण लावला.

५

दहाला दालन भरले. पुढची ओळ डावीकडे बसली, मागची उजवीकडे, मधे रस्ता एवढा रुंद ठेवलेला की तिथून हातगाडी गेली असती. बाई डावीकडे, अध्यक्ष उजवीकडे. अध्यक्षांच्या शेजारी त्यांची लेक बसली होती. ती काकूकडे बघत नव्हती. त्यांचा दुरावा तिने वडिलांकडून वारशाने घेतला होता. खिडक्यांतले ऊन अजून टेबलावर होते, पण काठाकडे सरकू लागले होते.

कोणीतरी "मॉडेलफोड्यांना बाहेर काढा" म्हणाले. पलीकडून कोणीतरी "आधी दलालांना काढा" म्हणाले. फूटपट्टींनी दोघांकडेही पाहिले नाही.

त्या म्हणाल्या, की हे कोणी केले याचा निर्णय आधी, मग सुनावणी.

"टॉवरचा बुंधा दाराकडे आहे आणि तुकडे खिडकीखाली. म्हणजे मोडला तेव्हा टॉवर खिडकीकडे होता, आणि मोडल्यानंतर टेबल पुन्हा फिरवलं. चाकं तुकड्यांवरून गेल्याची रेघ फरशीवर आहे. रागाच्या भरात मोडणारा माणूस मोडतो आणि जातो. हा थांबला, टेबल होतं तसं लावलं. त्याला टॉवरवर राग काढायचा नव्हता. टेबल फिरवल्यावर जे दिसत होतं, ते कोणाला दिसू नये म्हणून हे केलं."

इस्त्रीने हात वर केला. म्हणजे पहिल्यांदा फिरवले कोणी, हे कळेल का?

"मी," बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. उजवीकडे टाळ्या पडल्या.

फूटपट्टींनी टाळ्या संपू दिल्या. मग त्या इस्त्रीकडे वळल्या. टेबल उलटे मांडणारा तो. फिरवलेल्या टेबलाचा सगळ्यांत मोठा तोटा कंपनीला. पण त्याला दगड उचलायची गरज नव्हती. वस्तू त्याची. एक चिठ्ठी लिहून तो मॉडेल दुरुस्तीला घेऊन गेला असता. मोडावे लागले ते अशा माणसाला, ज्याला ते इथून हलवायचा अधिकार नव्हता, आणि ज्याला ठाऊक होते की नुसते फिरवून ठेवले तर बाई परत येतील आणि परत फिरवतील.

"आता घर." त्यांनी ते छोटे घर वर धरले. "हे घाव घालण्याआधी काढून ठेवलं आणि नंतर बसवलं. बसवताना जिना पुढे आला. कारागिरानं तो मागे लावला होता, आजवर तो मागेच होता. बाहेरचा माणूस असता तर कसंही बसवलं असतं, किंवा होतं तसं. ज्याचा हात विचार न करता जिना गल्लीकडे वळवतो, तो माणूस रोज त्या जिन्याशी राहतो. या घरात दोन बिऱ्हाडं आहेत. खालचं बाईंचं."

डावीकडची एकदोन माणसे उठून उभी राहिली.

"पण चुकीचा जिना ही बाईंची पहिली हरकत आहे. मॉडेल खोटं आहे, हे दाखवायला त्यांच्या हातात तेवढी एकच सिद्ध गोष्ट होती. आपला पुरावा त्या आपल्या हातानं सरळ करणार नाहीत. शिवाय सावली सगळ्यांनी बघावी म्हणून त्यांनी टेबल फिरवलं. ते परत उलटं करायला त्यांना काय पडलंय? मग उरलं वरचं बिऱ्हाड."

दालनात कोणी वळून पाहिले नाही. वळायची गरज नव्हती. अध्यक्ष उभे राहिले होते.

"वर्षभर तुम्ही उन्हासाठी भांडलात," फूटपट्टी त्यांना म्हणाल्या. "आज या दालनात आल्यावर पहिली गोष्ट मागितलीत ती पडदा ओढण्याची."

अध्यक्षांनी बाईंकडे पाहिले. वर्षात पहिल्यांदाच ते त्यांच्याशी बोलले.

"तुम्हीच सांगितलंत ना मला? जिन्याखालून हाक मारून. भाऊजी, जा आणि बघून या, मी नीट लावून ठेवलंय. एवढी हौस होती मला खोटं पाडायची?"

"हौस नव्हती," बाई म्हणाल्या. "ती पोर तुमच्याकडे आली की धापा टाकते, ते मलाही खालून ऐकू येतं. तुम्ही आधी बघावं आणि तुम्हीच त्यांना सांगावं, म्हणून तुम्हाला आधी हाक मारली. बाकीच्यांकडे मग गेले."

अध्यक्षांना हे अपेक्षित नसावे. मग ते मागच्या ओळीकडे वळले आणि कोरड्या आवाजात म्हणाले, की प्रत्येकाच्या दारात जाऊन आपण शब्द दिला होता. तो शब्द टेबलावर सावलीत बुडालेला पाहिला, आणि हात दगडाकडे गेला. भावाचे घर मात्र हाताला मोडवेना.

"आणि माझ्यावर ढकलायला बरं हाताला झेपलं," बाई म्हणाल्या.

६

निर्णय असा झाला. अध्यक्षांना यापुढे बोलता येणार नाही. पुढच्या ओळीच्या हरकती कायम. मागच्या ओळीच्या संमती दुसऱ्या नियमाने बाद झाल्याच, पण त्या उलट्या मांडलेल्या मॉडेलवर घेतल्या गेल्या होत्या, म्हणून पुन्हा विचारल्या जातील. इस्त्री उठून म्हणाला, की कंपनीने सगळे नियमाप्रमाणे केले आहे, टेबल कोणत्या दिशेला ठेवावे असा नियम कुठेही नाही. ते खरे होते, आणि फूटपट्टींनी ते तसेच नोंदवून घेतले.

मग बाईंनी आपले कागद चाचपले. पहिली हरकत त्यांची होती.

"तुम्ही खाली बसा," फूटपट्टी म्हणाल्या. "मांडलेल्या वस्तूला तुम्ही हात लावलात. नियम वाचून दाखवला होता."

डावी बाजू उसळली. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा आरडाओरडा झाला. फूटपट्टी घड्याळ टेबलावर ठेवून वाट बघत राहिल्या. बाई बसल्या. वर्गात त्यांनीही नियमाला कधी सूट दिली नव्हती.

"बाईंच्या वेळात कोणी बोलणार आहे?"

उजव्या बाजूची एक खुर्ची सरकली. अध्यक्षांची लेक मधला रुंद रस्ता ओलांडून टेबलापाशी आली.

"काकूंच्या वेळात मी बोलते."

अध्यक्षांनी तिचे नाव घेऊन बस म्हटले. तिने ऐकले नाही. तिने टेबलाची कड धरली आणि फूटपट्टींकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. "आता हात लावायला माझी परवानगी आहे."

लेकीने टेबल फिरवले. चाके तुकड्यांवरून कुरकुरत गेली. बुंधा खिडकीकडे आला, नवी इमारत दाराकडे. फूटपट्टींनी मोडक्या टॉवरचे तुकडे सलग ठेवून लाकडी पट्टीने त्यांची उंची आणि रुंदी घेतली आणि ग्रंथपालांकडे पाहिले. ग्रंथपालांनी कधी कोणाला घरी न्यायला दिला नव्हता तो शब्दकोश कपाटातून काढला आणि त्याचे जाडजूड खंड बुंध्यावर एकावर एक रचले, पट्टी सांगेल तेवढे.

ऊन खिडकीच्या कडेशी आले होते, पण होते. शब्दकोशाची सावली चेचलेल्या घरांवरून सरकत नव्या इमारतीवर गेली आणि तिथेच थांबली. गॅलऱ्या गेल्या, खिडक्या गेल्या, गच्ची गेली.

लेकीने दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. तिने तो कोपरा निवडला होता हे मागच्या ओळीत सगळ्यांना माहीत होते. मुलीचा पलंग कुठे ठेवायचा तेही ती सांगत असे.

"बाबा, सकाळी हे असंच दिसलं होतं तुम्हाला?"

"हो."

"आणि तरी आज मला सही पक्की करायला लावणार होतात?"

तिने उत्तराची वाट न बघता वडिलांकडे पाठ केली.

"घड्याळ लावा," ती फूटपट्टींना म्हणाली. "मला बोलायचं नाहीये. मागच्या ओळीनं उठून इथं यावं आणि बघावं. माझा सगळा वेळ त्याला द्या."

फूटपट्टींनी घड्याळ लावले. आधी कोणी हलले नाही. मग एक म्हातारी उठली, तिच्यामागे तिची सून, मग एकेक करत उजवी बाजू मधला रस्ता ओलांडून टेबलाभोवती आली. पुढच्या ओळीची काही माणसे जागा द्यायला मागे सरली. एका बाईने सावलीत हात घालून पाहिला, जणू ओल हाताला लागेल.

अध्यक्ष रिकाम्या खुर्च्यांच्या ओळीत एकटे उभे होते. दाराकडे जायला त्यांना बाईंच्या समोरून जावे लागणार होते. ते गेले नाहीत. बाईंनीही पाय आवरून वाट दिली नाही.

"वेळ संपला," फूटपट्टी म्हणाल्या. "मागच्या ओळीनं आपापल्या जागी बसावं. संमती पुन्हा विचारायच्या आहेत."

टेबलाभोवतालची माणसे हलली नाहीत. ग्रंथपालांनी 'शांतता राखा' या पाटीकडे पाहिले. त्या क्षणी तिची कोणालाच गरज नव्हती.